अविवाहित, सबब वारस नाही

माणसाचं किती जणांवर प्रेम होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्याच्यावर किती जणांचं प्रेम होतं हे सर्वांत आधी कळतं बँकेतल्या क्लार्कला. तेराव्याचं जेवण जिरायच्या आत मंडळी काउंटरवर हजर होतात. मी बी. कॉम. झालो तेव्हा माझी समजूत अशी होती, की बँकेत आपली गाठ आकड्यांशी पडणार. गेल्या वीस वर्षांत आकडे संगणकाने घेतले आणि माझ्या वाट्याला नातेवाईक आले.

त्यातही विवाहित मयताची केस सरळ. बायको डोळे पुसत असते, मुलं फॉर्म भरत असतात, सून घड्याळ बघत असते, सगळं रीतसर. खरी बहार अविवाहित मयताची. खात्याच्या फॉर्मवर 'अविवाहित' लिहिलेलं, नॉमिनीचा रकाना कोरा आणि मुदतठेव मात्र लठ्ठ. मग पुतणे येतात, भाचे येतात, 'काका मला मुलासारखं मानायचे' असं सांगणारे शेजारी येतात. आणि क्वचित एखादा इसम असाही येतो, की जो कोणाशीच कसलं नातं सांगत नाही, नुसता पाण्याच्या कूलरपाशी उभा राहतो आणि सगळे पुतणे त्याच्या नाकाकडे टक लावून बघत असतात. दहा वर्षं खात्याकडे कोणी फिरकलंच नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि ह्या गृहस्थाला कोणी नव्हतं ही गोष्ट कागदावर येते.

एवढं पाल्हाळ लावलं ते शेरलॉक होम्ससाठी.

२०२५ साली अमेरिकेत एक टीव्ही मालिका आली. नाव 'शेरलॉक अँड डॉटर'. डेव्हिड थ्यूलिस हा नट त्यात होम्स झाला आहे आणि अमेरिकेतून आलेली एक तरुणी त्याला सांगते, की तुम्ही माझे वडील आहात. आमच्या कन्येने ह्या मालिकेची झलक मला मोबाईलवर दाखवली आणि विचारलं,

"बाबा, ह्याचं लग्न कधी झालं?"

"नाही झालं."

"मग?"

ह्या 'मग'वर आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून एकदम कुकरची शिट्टी काढली. मी म्हटलं, "बाळा, ही केस फार जुनी आहे. १९४१ सालापासून चालू आहे." आणि बँकेच्या सवयीने फाईल अगदी पहिल्या पानापासून काढली.

आर्थर कॉनन डॉइल यांनी होम्सच्या साठ कथा लिहिल्या. चार मोठ्या, छप्पन्न लहान. त्यांत होम्स लग्न करत नाही, प्रेमात पडत नाही, त्याला मूलबाळ नाही. जवळचे म्हणावेत असे दोघेच. एक थोरला भाऊ मायक्रॉफ्ट, आणि दुसरे डॉ. वॉटसन. (हे वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून विलायतेहून निघाले ते आपल्या मुंबईला उतरले आणि उतरल्यावर त्यांना कळलं, की त्यांची पलटण आधीच अफगाणिस्तानच्या वाटेने पुढे गेली आहे. बदलीच्या गावी हजर व्हावं आणि शाखाच हललेली असावी, हा अनुभव आमच्या धंद्यात नवा नाही.) बरं, होम्सचं पुढे काय करायचं ह्याबद्दल डॉइलसाहेबही उदार होते. विल्यम जिलेट नावाचे अमेरिकन नट होम्सवर नाटक बसवत होते. त्यांनी तार करून विचारलं, होम्सचं लग्न लावलं तर चालेल का? डॉइल यांनी कळवलं, लग्न लावा, खून करा, काय वाटेल ते करा. ते नाटक १८९९ साली आलं. आता खुद्द जन्मदात्यानेच असं मुखत्यारपत्र लिहून दिल्यावर लोक थांबतात होय?

पण लोकांनी जे केलं ते थिल्लरपणाने केलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. १९११ साली ऑक्सफर्डात रोनाल्ड नॉक्स ह्या तरुण विद्वानाने एक निबंध वाचला. त्या काळी बायबलची चिकित्सा करणारे पंडित प्रत्येक ओळीची तारीख नि प्रत्येक शब्दाचा कर्ता शोधत बसत. नॉक्सने त्यांची टर उडवण्यासाठी तीच पद्धत होम्सच्या गोष्टींना लावली. टर विरून गेली, पद्धत राहिली. हेच नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले आणि त्यांनी आख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, ते वेगळं. ह्या खेळाचा एक नियम डोरोथी सेयर्स ह्या लेखिकाबाईंनी सांगून ठेवला आहे. लॉर्ड्सवरचा क्रिकेटचा सामना ज्या गांभीर्याने खेळतात त्याच गांभीर्याने हा खेळ खेळायचा, हसायचं नाही.

बाई स्वतः कशा खेळत ते पाहा. वॉटसनचं नाव जॉन एच. वॉटसन. पण एका गोष्टीत त्यांची बायको त्यांना चक्क 'जेम्स' म्हणते. डॉइल यांची सरळसरळ नजरचूक. आमच्याकडे असं झालं असतं तर आम्ही 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र मागून मोकळे झालो असतो. सेयर्सबाईंनी शोध लावला, की 'एच.' म्हणजे 'हॅमिश' असणार, हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप, आणि बायको ते लाडाने उलटं करून वापरते. चूक एका अक्षराची, आणि तिच्यातून एक आख्खा संसार उभा राहिला!

असा खेळ खेळणारे लोक एका वारसाहीन माणसाला किती दिवस मोकळा सोडणार?

न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' ही होम्सभक्तांची मंडळी स्थापन झाली. दर जानेवारीत त्यांचं जेवण असतं. १९४१ च्या जेवणात रेक्स स्टाउट हे रहस्यकथाकार उठले आणि त्यांनी जाहीर केलं, की वॉटसन ही बाई होती. नुसती बाई नव्हे, होम्सची बायको. आधाराला त्यांनी होम्सकथांची नावं अशा क्रमाने लावून दाखवली, की आद्याक्षरं वाचली तर 'आयरीन वॉटसन' हे नाव तयार व्हावं. आणि जाता जाता एक पुडी सोडून दिली: लॉर्ड पीटर विम्सीच्या आईबापांची कोणी नीट चौकशी केली आहे का? लॉर्ड पीटर हा सेयर्सबाईंचा गुप्तहेर. म्हणजे ज्या बाईंनी वॉटसनला लाडाचं नाव मिळवून दिलं, त्यांच्याच मानसपुत्राला स्टाउटनी वॉटसनच्या पोटी घातला.

पण असं दुसऱ्याच्या घरात डोकावणारा मनुष्य आपलं दार उघडं टाकून येतो. स्टाउट यांचा स्वतःचाही एक गुप्तहेर होता, नीरो वुल्फ. १९३४ साली अवतरलेला. वजन एक-सप्तमांश टन, मूळचा माँटेनिग्रोचा, न्यूयॉर्कच्या पस्तिसाव्या रस्त्यावरच्या घरात गच्चीवर ऑर्किडची झाडं लावून बसलेला, आणि कामासाठी घराबाहेर न पडणारा. १९५६ साली 'बेकर स्ट्रीट जर्नल'मध्ये जॉन क्लार्क यांचा लेख आला, विषय: नीरो वुल्फच्या पितृत्वाची प्राथमिक चौकशी. हे क्लार्क कोण? अमेरिकन नौदलासाठी रॉकेटच्या इंधनावर संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ! दिवसा रॉकेट उडवायचं आणि संध्याकाळी अफवा, असा दिनक्रम असावा.

क्लार्क यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. १८९१ ते १८९४ होम्स बेपत्ता होता. परत आल्यावर त्याने तिबेट, ल्हासा, इराण, मक्का असा लांबलचक प्रवास सांगितला. इतका लांब हिशेब देणारा माणूस काहीतरी लपवतो, हे कोणताही ऑडिटर सांगेल. तर ह्या काळात, १८९२ च्या सुमारास, होम्स माँटेनिग्रोत होता. तिथे त्याला आयरीन ॲडलर भेटली आणि पुढे नीरो वुल्फ झाला. पुरावा? वुल्फची अक्कल होम्सची आणि अंग मायक्रॉफ्टचं! मायक्रॉफ्टही असाच अगडबंब, घर-कचेरी-क्लब ह्यापलीकडे न हलणारा. काकाचं शरीर पुतण्यात उतरतं, हे काय आपण पाहत नाही?

ह्याहून मौजेचा पुरावा एलरी क्वीन यांनी नोंदवला. (एलरी क्वीन हे नात्यातल्या दोन भावांचं मिळून एक टोपणनाव. आमच्या भाषेत जॉइंट अकाउंट.) 'शेरलॉक होम्स' ह्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले स्वर काढा: ई, ओ, ओ, ई. आता 'नीरो वुल्फ'चे काढा: ई, ओ, ओ, ई. तेच स्वर, त्याच क्रमाने! हा पुरावा बँकेने ग्राह्य धरला, तर आमच्या शाखेतल्या निम्म्या जोशांच्या ठेवी उद्या सोनी मंडळींना द्याव्या लागतील.

स्टाउट यांनी ह्यावर काय करावं? त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. वुल्फच्या मदतनिसाचा मी केवळ वाङ्मयीन एजंट आहे, मला बरीच गुपितं ठाऊक आहेत, सांगण्याची मुभा मिळेल तेव्हा तुमच्याच अंकात सांगेन, असं पत्र पाठवून ते मोकळे झाले. प्रकरण विचाराधीन आहे, हे वाक्य आम्ही इतक्या गोडीने कधी लिहू शकलो नाही.

मग १९६२ साली विल्यम बेअरिंग-गूल्ड यांनी होम्सचं साद्यंत चरित्रच लिहिलं आणि माँटेनिग्रोच्या प्रकरणाला ग्रंथप्रामाण्य मिळालं. गृहस्थ 'टाइम' साप्ताहिकात नोकरी करून हे उद्योग करत. त्यांचे आजोबा सबाइन बेअरिंग-गूल्ड हे इंग्लंडात पाद्री होते, विद्वान होते आणि त्यांना पंधरा मुलं होती. असं सांगतात, की एकदा मुलांच्या मेजवानीत आजोबांनी एका चिमुरडीला कौतुकाने विचारलं, "आणि तू कोणाची गं?" पोरीने भोकाड पसरलं, "बाबा, मी तुमचीच!" खरंखोटं देव जाणे. पण आजोबांना स्वतःची पंधरा ओळखू येईनात, आणि नातू मात्र परक्या ब्रह्मचाऱ्याचं एक मूल माँटेनिग्रोपर्यंत जाऊन हुडकून काढतो, ह्याला म्हणतात पिढ्यांतला फरक.

इथपर्यंत मला सगळं पसंत आहे. पण एका ठिकाणी माझी हरकत आहे, आणि ती मी नोंदवून ठेवतो.

ती हरकत आयरीन ॲडलरच्या बाबतीत. ही बाई साठांतल्या एकाच गोष्टीत येते, जुलै १८९१ च्या 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या. न्यू जर्सीत जन्मलेली गायिका, मिलानच्या ला स्काला थिएटरात गाजलेली. बोहेमियाच्या राजाबरोबरचा तिचा एक फोटो तिच्यापाशी असतो आणि राजाचं लग्न ठरलेलं. फोटो मिळवायला राजा होम्सला नेमतो. होम्स वेष पालटतो, सोंग आणतो, घरात धुराची नळकांडी फोडवतो. आणि ती बाई त्याला ओळखते, पुरुषी वेषात त्याच्या दारापर्यंत पाठलाग करून त्याला शुभरात्री म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच फोटो घेऊन पसार होते. होम्सला अशी धूळ चारणारी दुसरी बाई त्या साठ गोष्टींत नाही. बरं, ती एकटी पळत नाही. आदल्याच दिवशी तिने गॉडफ्री नॉर्टन नावाच्या वकिलाशी लग्न केलेलं असतं. आणि त्या लग्नाला साक्षीदार कोण? मोतद्दाराच्या वेषातला शेरलॉक होम्स! नवरीने त्याला एक सॉव्हरिन बक्षीस दिली. ती सोन्याची मोहोर घड्याळाच्या साखळीत अडकवायचा त्याचा बेत होता. राजाने फी म्हणून पाचूची अंगठी देऊ केली, ती नाकारून त्याने मागून घेतला तो तिचा दुसरा फोटो, मागे ठेवलेला. तिने जाताना पत्र लिहिलं, त्यात साफ सांगितलं, की मला राजापेक्षा चांगला माणूस मिळाला आहे आणि मी सुखात आहे.

आता ह्या बाईला एवढ्या हुशारीचं बक्षीस काय मिळालं? साठ-सत्तर वर्षांनी मंडळी जमली आणि त्यांनी तिचा नवरा वजा केला, तिला माँटेनिग्रोला नेऊन ठेवलं आणि तिच्या मांडीवर एक-सप्तमांश टनाचा मुलगा दिला. नॉर्टनचं काय झालं? कोणी त्याला दुष्ट ठरवतं, कोणी मारून टाकतं. बिचाऱ्याने कोणाचं काही घोडं मारलं नव्हतं. गोष्टीत तो धावत येतो, लग्न करतो आणि बायकोबरोबर गावाला जातो. ह्याहून सज्जनपणे एखादा नवरा आणखी काय करू शकतो? बाई होम्सपेक्षा हुशार निघाली, ह्याची रुखरुख होम्सला लागली नाही इतकी त्याच्या भक्तांना लागली. होम्सने तिचा फोटो मागून घेतला, आणि ह्यांनी तिचा संसार.

पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? आमच्या पूर्वीच्या एका शाखेत एक हेडकॅशियर होते. अविवाहित. शर्टाची कडक इस्त्री, डबा एकट्याने खाणार, नोटा मोजताना ओठ न हलवणारे. दर मे महिन्यात आठ दिवस रजा घेऊन कोकणात जात. झालं! आम्ही चहाच्या वेळी त्यांना सावंतवाडीला एक घर दिलं. पुढच्या वर्षी त्या घरात एक बाई आल्या. तिसऱ्या वर्षी कोणीतरी त्यांना छोटा फ्रॉक खरेदी करताना पाहिलं म्हणे, आणि मुलगी झाली. ती मुलगी आमच्या डोळ्यांसमोर वाढली. दहावीला तिला किती टक्के मिळाले असतील ह्यावरसुद्धा चर्चा झाली. नवल हे, की आमच्या त्या वेळच्या खडूस मॅनेजरसाहेबांना कोणी कधी गुप्त मूल दिलं नाही. ते फक्त ज्याचा डबा बघून आपल्याला घास जात नाही, त्यालाच द्यावंसं वाटतं. हेडकॅशियर निवृत्त झाले तेव्हा त्यांची ठेवीची कागदपत्रं माझ्या हातून गेली. नॉमिनी कोण ते मला ठाऊक आहे. पण ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं बँकेला बंधनकारक असल्यामुळे मी ते तुम्हाला सांगणार नाही. आणि खरं म्हणजे आमच्या सावंतवाडीइतकं ते रंगतदार नाही.

होम्सची साठ प्रकरणं कधीच संपली, पण टीव्हीवाले त्याला सेवानिवृत्त होऊ देत नाहीत. सिनेमा आणि टीव्हीत सर्वाधिक वेळा दाखवलेलं माणसाचं साहित्यिक पात्र म्हणून २०१२ साली गिनीज बुकाने त्याच्या नावावर विक्रम लिहिला, २५४ वेळा. २०१० साली बीबीसीची 'शेरलॉक' आली. तिच्यात २०१४ साली मायक्रॉफ्टच्या तोंडून 'त्या दुसऱ्याचं काय झालं' अशा अर्थाचं एक अर्धवट वाक्य निसटलं. प्रेक्षकांनी तीन वर्षं त्या वाक्यावर काढली. तिसरा भाऊ आहे, त्याचं नाव शेरिनफर्ड, असं अनेकांनी ठरवलं. कारण बेअरिंग-गूल्ड यांनी आपल्या चरित्रात त्याच नावाचा थोरला भाऊ घातला होता. २०१७ साली उलगडा झाला. शेरिनफर्ड निघाला तुरुंग, आणि भावाच्या जागी निघाली बहीण.

आपल्याकडे हा प्रश्नच आला नाही. १९९३ साली दूरदर्शनवर आम्ही ब्योमकेश बक्षी डोळे फाडून बघत होतो. रजित कपूर धोतराचा सोगा सावरत गुन्हेगार पकडायचा. पण ब्योमकेशने सत्यवतीशी रीतसर लग्न केलं, त्यांना रीतसर मुलगा झाला. चौकशीला जागाच ठेवली नाही. एकूण गुप्त मूल हवं असेल तर आधी रकाना कोरा पाहिजे.

सर्वांत लांबचा वारस निघाला तो अंतराळात. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ ची. तिच्यातला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक निम्मा परग्रहावरचा, निम्मा माणूस. १९९१ च्या सिनेमात हा स्पॉक होम्सचं अशक्य गोष्टी वगळण्याचं सुप्रसिद्ध सूत्र सांगतो आणि म्हणतो, माझे एक पूर्वज असं म्हणत असत. दिग्दर्शक निकोलस मायर. ह्यांनी १९७४ साली स्वतः होम्सवर कादंबरी लिहिलेली, म्हणजे वाक्य काही चुकून पडलेलं नाही. स्पॉकची आई पृथ्वीवरची असल्यामुळे भक्तांनी तात्काळ ठरवलं, की त्याचं आजोळ बेकर स्ट्रीटला. काहींचं म्हणणं, पूर्वज होम्स नव्हे, डॉइल. वाद चालू आहे.

अडचण एवढीच, की ह्याच भक्तांचं दुसरं एक म्हणणं आहे: लंडनच्या 'टाइम्स'मध्ये होम्सचा मृत्युलेख कधी छापून आला नाही, सबब तो जिवंत आहे. आता धनी हयात असताना वारसांचा अर्ज आम्ही घेणार कसा? जन्म १८५४ चा धरला तर वय थोडं जास्त होतं खरं, पण दर नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेणाऱ्या माणसाला वयाचं काही वाटेनासं होतं. शिवाय बेकर स्ट्रीटवर १९३२ पासून ॲबी नावाची घरबांधणीला कर्ज देणारी संस्था होती. तिच्या इमारतीत २२१ हा नंबर येत असे म्हणून होम्सच्या नावाची पत्रं तिथे येत. संस्थेने उत्तरं द्यायला चक्क एक सेक्रेटरी नेमला. होम्ससाहेब आता ससेक्समध्ये मधमाश्या पाळतात, असं तो नम्रपणे कळवत असे. कर्जखात्यात बसून इतकं सुंदर काम मिळालेला तो मनुष्य मला एकदा भेटायला हवा होता.

तेव्हा मृत्यूचा दाखला नाही, तर निदान नॉमिनेशन तरी करून घ्यावं, असं माझं मत आहे. होम्सचं खातं कुठे होतं तेही कथेत आलेलं आहे: कॅपिटल अँड काउंटीज बँक, ऑक्सफर्ड स्ट्रीट शाखा. खरीखुरी बँक, १९१८ साली लॉइड्स बँकेत विलीन झाली. गंमत अशी, की होम्स हे खातं सांगतो ते एका ड्यूककडून चेक घेताना, आणि ते सगळं प्रकरण ड्यूकच्या गुप्त मुलाचं असतं. सेक्रेटरी म्हणून घरात वावरणारा तरुण हा ड्यूकचाच मुलगा, हे त्यातून बाहेर येतं. त्या पापाचे पैसे खात्यात घालणाऱ्याच्या पाठीमागे पुढे हेच शुक्लकाष्ठ लागावं!

पूर्वी एका खात्याला एकच नॉमिनी चालायचा. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२५ पासून चार लावता येतात, ज्याच्या त्याच्या टक्केवारीसह. होम्सच्या दृष्टीने ही सोय वेळेवर झाली. लॉर्ड पीटर विम्सी, नीरो वुल्फ, अमेरिकेची ती मुलगी आणि मिस्टर स्पॉक. प्रत्येकी पंचवीस टक्के. त्यांतला स्पॉक तेविसाव्या शतकात जन्मायचा आहे, त्यामुळे त्याच्या जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहायचं ते हेडऑफिसला विचारावं लागेल. सॉव्हरिन मात्र लॉकरमध्ये, ती ह्या फॉर्मात येत नाही. आणि फॉर्म पुढे जाण्याआधी गॉडफ्री नॉर्टन, वकील, ह्यांची रजिस्टर पोस्टाने नोटीस येईल, तेवढी मात्र मी स्वतः फाईलला लावणार आहे.